वजाबाकीत उरलेला तारा

सूर्यासारख्या ताऱ्याच्या अगदी जवळ श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, तप्त गाभा, असेल, तर तो साध्या दुर्बिणीतून दिसत नाही आणि बहुधा मोठ्या दुर्बिणीतूनही दिसत नाही. असे का होते, ते कागदावर मांडायला फार वेळ लागत नाही. श्वेतबटूचा व्यास साधारण पृथ्वीएवढा, म्हणजे सूर्याच्या सव्वा टक्क्याच्या आसपास असतो; त्यामुळे तो कितीही तापलेला असला, तरी प्रकाश देणारे त्याचे क्षेत्रफळ सूर्याच्या सुमारे सात-हजाराव्या भागाइतकेच भरते. २०,००० केल्विन तापमानाचा श्वेतबटू आणि ५,८०० केल्विनचा सूर्यसदृश तारा यांची, तप्त वस्तूचा प्रकाश सांगणाऱ्या प्लांकच्या सूत्राने, तुलना केली, तर हिरव्या-पिवळ्या प्रकाशात श्वेतबटूचा उजेड जोडीदाराच्या जेमतेम दोनशेव्या भागाइतका येतो. तेच सूत्र १५० नॅनोमीटर तरंगलांबीला लावले की उत्तर उलटे होते, आणि हा चिमुकला तारा मोठ्या ताऱ्यापेक्षा दहापटीहून अधिक तेजस्वी ठरतो. खऱ्या सूर्यसदृश ताऱ्याच्या वातावरणातील मूलद्रव्ये त्याचा अतिनील प्रकाश आणखी शोषून घेतात, त्यामुळे प्रत्यक्षातील तफावत याहूनही मोठी असते.

हे गणित मी पहिल्यांदा केले, ते ऐरोलीत आमच्याच सोसायटीत राहणाऱ्या एका मुलीसाठी. ती ठाण्यात भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती आणि पुण्यातील एका संशोधकांच्या मार्गदर्शनाखाली तिने लपलेल्या श्वेतबटूंचा शोध हा प्रकल्प घेतला होता. माझा खगोलशास्त्राशी संबंध आकाशदर्शनाच्या हौसेपुरता होता. मात्र ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली, आणि तिथे रोजचा संबंध अतिनील प्रकाशाशीच होता. ड्यूटेरियमचा दिवा, क्वार्ट्झचे क्युव्हेट आणि यूव्ही यंत्रावरचे आलेख यांत ज्याची हयात गेली, त्याला दूर-अतिनील (अतिनीलातला आखूड तरंगलांबीचा भाग) म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. “काकू, तुम्ही नुसत्या शेजारी बसा, आलेखात काही खटकले तर सांगा,” एवढेच तिचे म्हणणे होते. प्रत्यक्षात मी त्या कामात पुरती गुंतले, आणि तिचा प्रकल्प संपल्यावरही गुंतलेलीच राहिले.

या शोधाला मोठी परंपरा आहे. व्याधाच्या हेलकाव्यावरून त्याला न दिसणारा सोबती असला पाहिजे, असे बेसेल यांनी १८४४ मध्ये मांडले. १८६२ मध्ये ॲल्व्हन ग्रॅहम क्लार्क यांना तो नव्या भिंगाच्या दुर्बिणीतून दिसला. दृश्य प्रकाशात तो व्याधापेक्षा सुमारे नऊ हजार पट मंद आहे. तो दिसू शकला, कारण व्याध आपल्यापासून अवघ्या ८.६ प्रकाशवर्षांवर आहे आणि त्यामुळे दुर्बिणीतून दोघे वेगवेगळे दिसू शकतात. हीच जोडी शेकडो प्रकाशवर्षे दूर नेली, तर दोन्ही तारे एका ठिपक्यात मिसळून जातील. म्हणून अशा जोड्यांसाठी पृथ्वीच्या वातावरणाबाहेर जाऊन अतिनील प्रकाशातच पाहावे लागते, कारण हा प्रकाश ओझोन आणि ऑक्सिजन वरच्या वरच अडवतात. १९७८ मध्ये सोडलेल्या आययूई या उपग्रहाच्या वर्णपटांतून एरिका ब्योम-व्हिटेन्झे यांनी १९८० मध्ये झीटा कॅप्रिकॉर्नी या बेरियमयुक्त ताऱ्याचा श्वेतबटू सोबती दाखवून दिला. पुढे १९९० च्या दशकात रोसॅट या क्ष-किरण उपग्रहाने अतितप्त श्वेतबटू असलेल्या आणखी काही जोड्या उघड केल्या. मात्र संपूर्ण आकाशाच्या मोठ्या भागाची अतिनील पाहणी हाती आली, ती २००३ मध्ये सोडलेल्या गॅलेक्स दुर्बिणीमुळे.

आमचे सगळे काम साठवलेल्या निरीक्षणांवरचे होते, आणि ऐरोलीसारख्या ठिकाणी राहणाऱ्यासाठी ही मोठीच सोय आहे. खाडीवरची दमट हवा आणि महामार्गावरचे दिवे यांमुळे इथून तिसऱ्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) तारा दिसला तरी समाधान मानावे लागते. आकाश पाहायचे तर लोक वांगणीला जातात, आणि पावसाळ्यात तेही नाही. गॅलेक्सच्या नोंदी, ताऱ्यांची स्थाने व अंतरे मोजणाऱ्या गाया उपग्रहाची सूची, टेस दुर्बिणीचे प्रकाशवक्र (ताऱ्याच्या उजेडाचे वेळेनुसार आलेख) आणि आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील यूविट या अतिनील दुर्बिणीची चित्रे यांना मात्र ऋतू नाही. घरच्या संगणकावर टॉपकॅट, अलादीन आणि स्पेनमधील आभासी वेधशाळेची व्होसा ही तीन साधने उघडली की काम सुरू करता येते, आणि तिन्ही विनामूल्य आहेत.

पहिली पायरी ताऱ्यांच्या निवडीची. आम्ही गायाच्या तिसऱ्या प्रकाशनातून, म्हणजे जून २०२२ मध्ये खुल्या झालेल्या सूचीतून, लंबन (ताऱ्याचे भासमान सरकणे, ज्यावरून अंतर कळते) नीट मोजलेले, एफ, जी आणि के वर्गांतले, म्हणजे सूर्यासारखे किंवा त्याहून थोडे कमी-अधिक तप्त, मुख्य क्रमावरचे (गाभ्यात हायड्रोजन जाळणारे) तारे घेतले. याहून तप्त तारे घेण्यात अर्थ नव्हता, कारण व्याधासारखा सुमारे १०,००० केल्विनचा तारा स्वतःच अतिनील प्रकाशात झगमगतो आणि सोबत्याला तिथेही झाकून टाकतो. एम वर्गाचे लाल बटू घेण्याची गरज नव्हती, कारण त्यांच्या शेजारचा श्वेतबटू दृश्य प्रकाशातच लक्षात येतो. खरे लपलेले असतात ते मधल्या वर्गांत.

दुसरी पायरी वरवर सोपी दिसते: गायाच्या सूचीतील तारा आणि गॅलेक्सच्या सूचीतील बिंदू एकच आहेत की नाहीत हे स्थानावरून ठरवायचे. परंतु गायाने दिलेली स्थाने २०१६ ची आहेत, आणि गॅलेक्सची दूर-अतिनील चित्रे २००३ ते २००९ या काळातली, कारण २००९ मध्ये त्या दुर्बिणीचा दूर-अतिनील शोधक बंद पडला. वर्षाला ०.३ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) निजगती, म्हणजे आकाशातले स्वतःचे सरकणे, असलेला तारा एवढ्या अवधीत दोन ते चार आर्कसेकंद सरकतो. तेव्हा प्रत्येक ताऱ्याला त्याच्या निजगतीनुसार मागे नेऊन मगच जुळणी करावी लागते. पुण्याच्या सरांनी इथे आणखी एक गोष्ट करायला लावली, आणि ती मला फार आवडली. खरी जुळणी झाल्यावर त्यांनी सगळ्या ताऱ्यांची स्थाने मुद्दाम आर्कमिनिटभर बाजूला ढकलून तीच जुळणी पुन्हा करायला सांगितली. अशा खोट्या जागी जे अतिनील बिंदू सापडतात, ते निव्वळ योगायोगाचे. त्यांच्या संख्येवरून खऱ्या जुळणीत किती भेसळ असेल, याचा अंदाज आधीच हाती येतो. एवढे करूनही ती भेसळ नेमक्या कोणत्या ताऱ्यात आहे हे कळत नाही, पण निदान किती संशय घ्यायचा हे कळते.

यानंतर येते ती वजाबाकी, आणि इथे मला प्रयोगशाळेतील ब्लँक आठवल्यावाचून राहिले नाही. औषधाचा नमुना यंत्रात ठेवण्याआधी आपण नुसत्या द्रावकाचे मोजमाप घेतो आणि नमुन्याच्या मोजमापातून ते वजा करतो. जे उरते, ते औषधाचे. ताऱ्याच्या बाबतीत दृश्य आणि अवरक्त प्रकाशातील मोजमापे मुख्य ताऱ्याचीच असतात, तेव्हा त्यांवरून त्याचे तापमान ठरवायचे, त्या तापमानाच्या ताऱ्याचा प्रतिकृती-वर्णपट अतिनीलपर्यंत ओढायचा, आणि गॅलेक्सच्या मोजमापातून तो वजा करायचा. फरक एवढाच, की प्रयोगशाळेत ब्लँक खरोखर बाटलीत असतो आणि इथे तो केवळ प्रतिकृतीत असतो.

व्होसाच्या पडद्यावर हा आलेख पाहणे हा एक वेगळाच अनुभव आहे. उजवीकडे अवरक्तातील टूमास पाहणीचे बिंदू, मध्ये गायाचे बिंदू, आणि त्यांतून जाणारी प्रतिकृतीची रेषा. सगळे बिंदू रेषेवर इतके चपखल बसलेले असतात, की त्रुटीच्या दांड्याही दिसत नाहीत. डावीकडे सरकताना निकट-अतिनीलचा, म्हणजे दृश्य प्रकाशालगतच्या अतिनीलचा, बिंदू रेषेवरच किंवा किंचित वर असतो. तिथून रेषा कड्यावरून कोसळावी तशी खाली जाते, आणि दूर-अतिनीलचा एकच बिंदू मात्र खाली न जाता वर, एकटा उभा असतो. लघुगणकी अक्षावर ती उंची आलेखाच्या एका चौकटीएवढी दिसली, तर खरा फरक दहा पटींचा असतो. असा आलेख आला की ती मुलगी उठून उभी राहायची. मी मात्र बसूनच राहायचे, कारण उरलेला प्रकाश कोणाचा, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

निकट-अतिनीलच्या बिंदूवर फार विसंबता येत नाही, हे इथेच सांगितले पाहिजे. गॅलेक्सचे शोधक सुमारे १४ प्रतीपेक्षा तेजस्वी ताऱ्यांचे फोटॉन कमी मोजू लागतात, आणि आमच्या यादीतले जवळचे तारे निकट-अतिनीलमध्ये नेमके त्या मर्यादेजवळ असत. शिवाय त्या पट्ट्यात मुख्य ताऱ्याचाच प्रकाश जास्त असतो. म्हणजे श्वेतबटूविषयी खरे बोलणारा बिंदू एकच उरतो, आणि एका बिंदूवरून तापमान व त्रिज्या या दोन गोष्टी ठरत नाहीत: मोठा पण कमी तप्त सोबती आणि लहान पण अधिक तप्त सोबती, दोघेही तोच बिंदू देऊ शकतात. यावर उपाय म्हणजे गायाच्या लंबनातून अंतर घ्यायचे, ०.६ सौरवस्तुमानाच्या सामान्य श्वेतबटूची त्रिज्या गृहीत धरायची आणि त्यावरून तापमान काढायचे. हे गृहीतकच आहे, शोध नव्हे, असे मी प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर लिहायला लावले.

धुळीचाही हिशेब ठेवावा लागतो. जी धूळ दृश्य प्रकाशात ताऱ्याला जेमतेम ०.३ प्रतीने मंद करते, तीच दूर-अतिनीलमध्ये त्याला सुमारे ०.८ प्रतीने मंद करते. गंमत अशी की दूर आणि निकट अतिनील यांमधला फरक धुळीने फारसा बदलत नाही, कारण २१७.५ नॅनोमीटरजवळचा धुळीचा शोषण-उंचवटा निकट-अतिनीलच्या पट्ट्यातच पडतो आणि दोन्हीकडे जवळजवळ सारखीच घट होते. त्यामुळे नुसता रंग पाहणाऱ्याला धूळ दिसतच नाही. ती दिसते अतिनील आणि दृश्य यांच्या गुणोत्तरात, आणि तिथे ती दुर्लक्षली तर श्वेतबटू आहे त्यापेक्षा लहान किंवा थंड भासतो.

आता उरलेल्या प्रकाशाचे इतर दावेदार. सर्वांत मोठा दावेदार खुद्द मुख्य ताराच असतो. तरुण किंवा वेगाने फिरणाऱ्या ताऱ्याचे वर्णावरण (पृष्ठभागावरचा वायूचा थर) तप्त असते आणि त्यातील कार्बन व हेलियम यांच्या उत्सर्जन रेषा नेमक्या दूर-अतिनील पट्ट्यात पडतात. अशा ताऱ्याचा दूर-अतिनील बिंदूही रेषेच्या वर उभा राहतो, फक्त सहसा तितका उंच नसतो. म्हणून आम्ही रोसॅटच्या क्ष-किरण सूचीत प्रत्येक तारा शोधला आणि टेसचे प्रकाशवक्र पाहिले. दोन-तीन दिवसांचा नियमित चढउतार आणि मधूनच उसळणारे भडके दिसले, की तो तारा बाजूला. काही वक्र झोपाळ्यासारखे अखंड वरखाली होणारे निघाले. ते एकमेकांना चिकटून फिरणारे जोडतारे, आणि त्यांचा अतिनील प्रकाशही त्यांच्या स्वतःच्या वेगवान फिरण्याचा. या एका चाळणीत आमच्या यादीचा मोठा भाग गळाला. मुलीला त्याचे वाईट वाटले, मला नाही. ज्या प्रयोगशाळेत कधीच नमुना नापास होत नाही, तिच्या अहवालावर मी विश्वास ठेवला नसता.

दुसरा दावेदार पार्श्वभूमीवरचा. गॅलेक्सच्या चित्रात ताऱ्याचा ठिपका चार ते पाच आर्कसेकंद पसरलेला असतो; तेवढ्या जागेत दूरची निळी दीर्घिका किंवा क्वेसार सहज लपतो. इथे यूविटचा उपयोग झाला. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटवरील ही जुळी दुर्बीण, आरसा अवघा ३८ सेंटिमीटरचा, पण तिच्या चित्राची सुस्पष्टता सुमारे दीड आर्कसेकंद, म्हणजे गॅलेक्सच्या तिप्पट. तिच्या दूर-अतिनील शोधकाला दृश्य प्रकाश जवळजवळ जाणवतच नाही, त्यामुळे मुख्य ताऱ्याचा झगमगाट चोरपावलांनी आत येत नाही. अडचण तिच्या दृष्टिक्षेत्राची: ते २८ आर्कमिनिटांचे, पूर्ण चंद्राएवढे. सारे आकाश तिने पाहिलेले नाही, त्यामुळे आपला तारा तिने दुसऱ्याच कोणासाठी घेतलेल्या चित्रात नशिबाने सापडला तरच उपयोग.

आमच्या उमेदवारांपैकी काही तसे सापडले. त्यांतल्या एकाचे चित्र मला अजून डोळ्यांसमोर आहे. गॅलेक्समध्ये तो किंचित लांबट, अंड्याच्या आकाराचा ठिपका होता, आणि लांबट का, याचे उत्तर त्या चित्रात नव्हते. भारतीय अवकाश विज्ञान विदा केंद्राच्या संग्रहातून यूविटचे चित्र उतरवून घेतले, अलादीनमध्ये गायाची स्थाने त्यावर टाकली, तेव्हा तिथे दोन बिंदू दिसले. गायाची खूण त्यांतल्या मंद बिंदूवर बसली होती; तेजस्वी बिंदू चार आर्कसेकंद ईशान्येला, आणि त्याच्या कडा ताऱ्यासारख्या गोल नव्हत्या. ती दीर्घिका होती. तारा आपल्या प्रतिकृतीइतकाच प्रकाश देत होता, ना कमी ना जास्त. दुसऱ्या एका उमेदवाराच्या बाबतीत मात्र यूविटमध्ये एकच, नेटका, गोल बिंदू आला, बरोबर गायाच्या खुणेखाली, आणि तोही एकाहून अधिक दूर-अतिनील गाळण्यांतून. इथे प्रथमच हाती एकापेक्षा जास्त बिंदू आले आणि त्रिज्या गृहीत न धरता काढता आली. ती सूर्याच्या सुमारे एक टक्का भरली. ती पाच टक्के भरली असती, तर आम्हाला हेलियमच्या हलक्या श्वेतबटूचा किंवा तप्त उपबटूचा विचार करावा लागला असता.

यूविटवर हे तंत्र आधीच पक्के झालेले आहे, ही गोष्ट आमच्या भरवशाची होती. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील अन्नपूर्णी सुब्रमण्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एनजीसी १८८ या तारकागुच्छातील एका निळ्या भटक्या ताऱ्याचा (गुच्छातील समवयस्कांपेक्षा तरुण व निळा दिसणाऱ्या ताऱ्याचा) तप्त सोबती याच दुर्बिणीने दाखवला, आणि नंतर एम ६७ या गुच्छातही निळ्या भटक्यांचे श्वेतबटू सोबती सापडले. गुच्छाबाहेरच्या, एकट्या दिसणाऱ्या ताऱ्यांसाठीचा मोठा शोध स्टीव्हन पार्सन्स आणि सहकाऱ्यांचा: त्यांनी २०१६ मध्ये गॅलेक्सवरून अतिनील आधिक्य असलेले ९३४ तारे निवडले, आणि त्यांतील नऊ जोड्यांमध्ये हबलच्या वर्णपटांनी श्वेतबटू असल्याचे निश्चित केले. आम्ही आमची पद्धत आधी अशा सिद्ध जोड्यांवर चालवून पाहिली, आणि त्या आमच्या चाळणीतून पार झाल्यावरच अनोळखी ताऱ्यांकडे वळलो. नवीन पद्धत आधी प्रमाणित नमुन्यावर तपासायची, ही सवय नोकरीची.

एवढे होऊनही आमच्याकडे आहेत ते उमेदवारच. अतिनील आधिक्य सोबती असल्याचे सुचवते. तो या ताऱ्याभोवती फिरतो आहे हे सांगत नाही. त्यासाठी अरीय वेगातला, म्हणजे आपल्याकडे येण्या-जाण्याच्या वेगातला, चढउतार हवा किंवा गायाला जाणवलेला ताऱ्याचा हेलकावा हवा. गायाच्या तिसऱ्या प्रकाशनात अशा जोड्यांची वेगळी सूची आहे, आणि आमच्या यादीतला एक तारा तिथे कक्षेसह नोंदलेला निघाला. परिभ्रमणकाळ दोन वर्षांच्या आतला, आणि दृश्य प्रकाशात न दिसणाऱ्या सोबत्याचे किमान वस्तुमान श्वेतबटूला शोभेल असे. तो दिवस आम्ही ठाण्याला जाऊन साजरा केला. जोडीचा काळ किती, यावर तिचा इतिहास ठरतो. काळ तासांचा किंवा दिवसांचा असेल, तर मरणारा तारा फुगताना त्याने सोबत्याला आपल्या वातावरणात गिळले होते आणि दोघे सर्पिल मार्गाने जवळ आले असे समजावे. पार्सन्स यांच्याच गटाला २०१५ मध्ये सापडलेली टायको सूचीतील ६७६०-४९७-१ ही जोडी अशी आहे, बारा तासांत एक फेरी घेणारी. पुढे तिच्यातला मोठा तारा श्वेतबटूवर वायू ओतू लागेल. काळ वर्षांचा असेल, तर इतिहास वेगळा, आणि तो आज कोणालाही नीट सांगता येत नाही; म्हणूनच आमचा तो एक तारा पुण्याच्या सरांना सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

या पद्धतीत न दिसणारेही पुष्कळ आहेत. सामान्य श्वेतबटू सुमारे ६० कोटी वर्षांत १०,००० केल्विनपर्यंत थंड होतो, आणि त्यानंतर सूर्यसदृश जोडीदाराच्या शेजारी त्याचा दूर-अतिनील प्रकाशही वजाबाकीच्या त्रुटीत बुडून जातो. म्हणजे अब्जावधी वर्षे जगलेल्या जोड्यांपैकी आपल्याला दिसतात त्या केवळ अलीकडे श्वेतबटू झालेल्यांच्या. जुने, गार श्वेतबटू शोधायचे तर गायाच्या हेलकाव्यांवरच विसंबावे लागेल, आणि तिचे चौथे प्रकाशन डिसेंबर २०२६ मध्ये अपेक्षित आहे.

उरलेल्या उमेदवारांची यादी सरांनी अरीय वेगांच्या निरीक्षणांसाठीच्या प्रस्तावात घातली आहे. ज्यांचा परिभ्रमणकाळ कित्येक दशकांचा असेल, ते तिथेही स्थिरच दिसतील, आणि त्यांच्यासाठी हबलसारख्या दुर्बिणीचा अतिनील वर्णपट, त्यातील १२१.६ नॅनोमीटरजवळची हायड्रोजनची रुंद शोषणरेषा, एवढाच पुरावा चालेल. ती मुलगी आता पुण्यात संशोधन करते. तक्ता माझ्याकडे आहे; त्यात बाद केलेल्या प्रत्येक ताऱ्यापुढे तो का बाद केला याचा स्तंभ आहे, आणि मंजूर ताऱ्यांच्या स्तंभापेक्षा तो कितीतरी लांब आहे.